आमच्या बोटी ताशी सत्तर किलोमीटर जात नाहीत

स्नेक, रविवार दुपार
(पाऊस आडवा, वारा तोंडावर)

तीर्थरूप बाउक्येआत्या यांस हिल्केचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे जो तो आपापल्या परीनं. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? बेटावरचा डॉक्टर रोज चालायला सांगतो आणि बेटावरचा वारा चालू देत नाही, असं तुम्ही लिहिलं होतंत. माझं ऐकाल तर जाताना वारा पाठीशी घ्यावा आणि येताना बस घ्यावी. (आतोबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, फक्त धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात.) तुम्ही पाठवलेला क्रॅनबेरीचा मुरंबा पोचला. मी तो पावावर लावून खात होतो आणि डाव्या हातात तुमचं पत्र होतं. शेवटच्या ओळीपाशी आलो तेव्हा तोंडातला घास तोंडातच राहिला. तुम्ही लिहिलंय, “आमच्या यास्परनं कंपनी एकदाची नव्या जमान्यात आणली, हे पाहायला तुझे आतोबा हवे होते.”

आत्या, यास्पर तुमचा जावई आहे, माझ्या सख्ख्या आत्येबहिणीचा नवरा आहे, आणि सिट्स्केनं नवरा चांगलाच निवडला याबद्दल दुमत नाही. तो भांडी घासतो, मुलांना शाळेत सोडतो. पण आतोबांनी तीन बोटींवर सुरू केलेल्या कंपनीचा तो डायरेक्टर झाल्यापासून इथे जे चाललंय ते तुम्हाला बेटावर कोण सांगणार? यास्पर सांगणार नाही, कारण त्याला ते दिसत नाही. सिट्स्के सांगणार नाही, कारण तिला संसार करायचाय. राहिलो मी. तर आता चष्मा लावा, कॉफी जवळ घ्या आणि वाचा.

बोटींच्या बुकिंगचं आमचं जुनं सॉफ्टवेअर मी आणि डाउत्सननं बनवलेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (डाउत्सन म्हणजे ती उंच, कपाळावर आठी असलेली. ती रागावलेली नसते, तिचा चेहराच तसा आहे.) ते दिसायला वाईट होतं, मी नाकारत नाही. पडदा राखाडी, अक्षरं हिरवी, आणि कुणाला मोबाइलवरून बोट ठरवायची असेल तर मोबाइलवरून आम्हालाच फोन करावा लागे. पण कुठली बोट कुठल्या बंदरात आहे आणि कधी परत येणार, हे त्याला कळत होतं. यास्पर आला आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात आम्हाला बोलावून सांगितलं, “आपण बोटी भाड्यानं देतो. सॉफ्टवेअर हा आपला धंदा नाही. पाव विकणारा स्वतः गहू पेरतो का?”

मी म्हटलं, “पेरत नाही, पण त्याला पीठ कळतं.”

यास्पर हसला. त्याचं हे एक वाईट आहे, आपण बोललेलं त्याला आवडतं आणि मग तो ते विसरतो.

काम उत्रेख्तच्या एका कंपनीला गेलं. तिथून रोडरिक नावाचा गृहस्थ आला. चकचकीत बूट, पायात मोजे नाहीत, आणि बोलणं इतकं गोड की ऐकताना दात शिवशिवावेत. त्यानं आमच्या बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पडद्यावर एक बुजुर्ग इंजिनिअर दाखवला. पांढरी दाढी, मागे पुस्तकांचं कपाट, आणि प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी थोडं थांबायचा, त्यामुळे यास्पर भारावलाच. त्या दाढीचं पुन्हा दर्शन झालं नाही. थोरली दाखवून धाकटी गळ्यात मारायची जुनी रीत आहे ना, त्यातलाच प्रकार, फक्त इथे धाकटीही दर महिन्याला बदलत होती. काम खरं तर उत्रेख्तला होतच नव्हतं, ते लिथुआनियात व्हिल्नियसला होत होतं. तिथली माणसं कुठली आणि किती, हे मी विचारलं तर रोडरिक म्हणाला, “तुम्ही त्याची काळजीच करू नका.” मी गेली तीस वर्षं याच गोष्टीची काळजी करण्याचा पगार घेतोय, आत्या!

आता डाउत्सनचं ऐका. काम बाहेर गेलं तेव्हा यास्परनं तिला नोकरीवरून कमी केलं. केक कापला, फुलं दिली, गळाभेट झाली, सगळं रीतसर. तिकडे उत्रेख्तच्या लोकांना बोटींचं ओ की ठो कळेना, तेव्हा त्यांनी जाणकार माणूस शोधला, आणि डाउत्सनलाच नोकरीवर ठेवलं. मग त्यांनी तिला पाठवलं कुठे? आमच्याकडे! वसंत लागला आणि एका सोमवारी ती आपल्या जुन्या खुर्चीत, आपल्या जुन्या कपातून कॉफी पीत बसलेली. फक्त आता ती पाहुणी. रोज सकाळी दारात सही करायची, छातीला पाहुण्याचा बिल्ला लावायचा, आणि तिच्या एका दिवसाचं बिल पूर्वीच्या तिच्या आठवड्याच्या पगाराइतकं. यास्परला मी विचारलं, यात आपण वाचवलं काय? तो म्हणाला, “लवचिकता.” वाचवली की मिळवली, ते मला अजून कळलेलं नाही.

पण खरा कहर पुढेच आहे. करारात लिहिलं होतं की सगळे प्रश्न रोडरिकमार्फत जातील. म्हणजे डाउत्सन माझ्यासमोर, एकाच टेबलाशी बसलेली. तिला विचारायचं असायचं, हेखच्या बंदरात रात्री वीज असते का. तिनं तोंडानं विचारायचं नाही. तिनं उत्रेख्तला रोडरिकला लिहायचं, रोडरिकनं ते “सोपं करून” मला पाठवायचं, मी रोडरिकला उत्तर द्यायचं, आणि त्यानं ते पुन्हा सोपं करून डाउत्सनला. प्रश्न हेखच्या विजेबद्दल निघायचा आणि माझ्याकडे पोचायचा तेव्हा तो असायचा, “ग्राहकाची ऊर्जेबाबत भूमिका काय?” मी काय सांगणार? मी लिहिलं, माझी ऊर्जा संपत आली आहे. ते उत्तर डाउत्सनपर्यंत पोचलं आणि तिनं बिचारीनं हेखच्या बंदरातली वीज बंद दाखवली.

दर पंधरा दिवसांनी रोडरिक प्रगती दाखवायला यायचा. पडद्यावर हिरवे गोळे असत. सगळं हिरवं. मी विचारलं, एकही गोळा लाल का नाही? तर म्हणाला, “लाल रंगानं लोक निराश होतात.” एप्रिलमध्ये पहिल्या काही बोटी नव्या सॉफ्टवेअरवर गेल्या आणि लगेच इम्क्येबाईंना पत्रं यायला लागली. (इम्क्येबाई आपल्या बोटी धुतात, तुमच्या वेळेपासून.) प्रत्येक गिऱ्हाइकाआधी बोट धुतलीच पाहिजे, असं आम्ही सांगितलं होतं. व्हिल्नियसच्या मंडळींनी प्रत्येक धुणं हे एक बुकिंग धरलं आणि इम्क्येबाईंना गिऱ्हाईक. त्यांना रोज सकाळी विचारणा व्हायची, सुकाणू धरायचा अनुभव आहे का, सोबत कुत्रा आहे का, आणि संध्याकाळी, सहल कशी झाली? इम्क्येबाई प्रामाणिकपणे लिहायच्या, “संडास तुंबला होता.” महिन्याच्या शेवटी कॉम्प्युटरनं त्यांना आपली सर्वांत निष्ठावान ग्राहक ठरवलं. यास्परनं नाव न वाचता फुलांचा गुच्छ मागवला आणि धक्क्यावर उभा राहून त्यांच्याच हातात दिला. नंतर मी बाईंना म्हटलं, तुम्ही सांगायचं नाही का? त्या म्हणाल्या, “सांगणार होते. पण फुलं ताजी होती.”

इथपर्यंत हसून घ्या, आत्या, पुढे हसण्यासारखं नाही.

येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी चार दिवसांची सुट्टी लागते आणि आपला हंगाम सुरू होतो. त्या चार दिवसांवर आतोबा निम्मं वर्ष काढायचे. यास्परनं त्याच दिवशी सगळ्या बोटी नव्या सॉफ्टवेअरवर टाकल्या. मी विरोध केला. लेखी केला, तोंडी केला, एकदा तर जेवणाच्या सुट्टीत ताकाचा पेला हातात धरून केला. तो म्हणाला, “हिल्के, गोळे हिरवे आहेत.”

गुरुवारी सकाळी धक्क्यावर माणसं जमायला लागली. म्युन्स्टरचं एक कुटुंब, चाकाच्या खुर्चीतल्या आजीसकट. ख्रोनिंगनहून लग्नाआधीची मौज करायला आलेली पोरं, नवरदेवाला बदकाचा पोशाख. झ्वोल्लची एक अख्खी गायनमंडळी. सगळ्यांच्या हातात खाऊच्या पिशव्या, आणि पाण्यावर बोट एकही नाही. का नाही? कारण लेउवार्डनहून सकाळी निघालेल्या बोटी अर्ध्या तासात स्नेकला पोचतील, असा कॉम्प्युटरचा हिशेब होता. अर्ध्या तासात लेउवार्डनहून मोटार येते, आत्या! रस्त्यानं! आपली बोट यायची तर कालवे आहेत, तळी आहेत, पूल आहेत, आणि पुलावरचा माणूस आहे. नव्या सॉफ्टवेअरनं आपल्या सगळ्या बोटी डांबरी रस्त्यावरून चालवल्या होत्या.

यास्पर धक्क्यावर आला आणि गर्दीला म्हणाला (मी शेजारीच होतो, कानांनी ऐकलंय), “घाबरू नका. यंत्रणा व्यवस्थित आहे, फक्त बोटी उशिरा आहेत.”

म्युन्स्टरच्या आजींनी खुर्चीतून मान वर केली आणि विचारलं, “मग आम्ही तुमच्या यंत्रणेत बसून जायचं का?”

गायनमंडळीनं गायला सुरुवात केली. आधी भजनं, मग एक दर्यावर्दी गाणं, त्यात बोट बुडते. इम्क्येबाईंनी बोटींच्या शेडमध्ये कॉफी ठेवली, बेकरीतून साखरपाव आणले, आजींना ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून दिली. यास्पर रोडरिकला फोन लावत होता. रोडरिकच्या फोनवर त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज म्हणत होता की आज सुट्टी आहे आणि आपला प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी बोटी एकेक करून लागल्या तेव्हा निम्मी माणसं घरी गेली होती. म्युन्स्टरची आजी राहिली. तिला बोटीत बसवलं तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “तुमच्या मालकांना मी ओळखत होते. ते दोर स्वतः सोडायचे.” आत्या, मला पुढचे दोर दिसेनात.

दुसऱ्या दिवशी यास्परनं बैठक घेतली. दोष कुणाचा ठरला असेल? माझा आणि डाउत्सनचा! “आपल्या बाजूनं माहिती स्पष्ट गेली नाही.” डाउत्सननं बिल्ला काढून टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि लावला, कारण बिल्ल्याशिवाय दार उघडत नाही.

मी बाहेर धक्क्यावर येऊन बसलो. तेवढ्यात परक्या देशाच्या नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, जर्मन मोडकी पण नेमकी.

“मी व्हिल्नियसहून दाइवा. तुमचं सॉफ्टवेअर सध्या मी लिहिते. तुमच्याशी बोलायची मला बंदी आहे, म्हणून चटकन सांगा. तुमची बोट ताशी सत्तर किलोमीटर जाते का?”

मी म्हटलं, “बाई, आमच्या बोटीला बदक मागे टाकून गेलं तरी आमच्यात कुणी वळून पाहत नाही.”

ती आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला लिथुआनियन येत नाही, पण ते शब्द मी आतोबांच्या तोंडून फ्रिशियनमध्ये ऐकले आहेत. तिनं ऐन हिवाळ्यात विचारलं होतं की बोटीचा वेग किती. रोडरिककडून उत्तर आलं होतं, “ग्राहक म्हणतो, वेग ही अडचण नाही.” पूल उघडायला किती वेळ लागतो, हेही विचारलं होतं. उत्तर आलं, “हॉलंडमधले पूल आधुनिक आहेत.” तेव्हा बिचारीनं नकाशावरून जो वेळ निघाला तो धरला. “मी आयुष्यात समुद्र पाहिलाय, नदी पाहिलीय,” ती म्हणाली, “पण ज्या गावात माणसं पाण्यावरून खरेदीला जातात, ते मी कसं ओळखू? मी येते. स्वतः बघते.”

आणि आली! रजा काढून, विमानानं, मग आगगाडीनं, रबरी बूट घालून. लहान चणीची, केस करडे, डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त राग. ती म्हणाली, बोट काढा आणि ज्यानं वेग ही अडचण नाही असं सांगितलं, तो गृहस्थही बरोबर घ्या. म्हणून यास्पर आला. दोन वर्षं डायरेक्टर असलेला माणूस आपल्या कंपनीच्या बोटीतून लेउवार्डनला त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. मी सुकाणूवर, डाउत्सन दोरांवर, दाइवा पुढे, आणि यास्पर मधे, पांढऱ्या पॅंटमध्ये.

पहिल्या तासात तो मोबाइल बघत होता. दुसऱ्या तासात त्यानं विचारलं, “हे असंच हळू जायचं?” पुढच्या पुलापाशी आलो तर पूल बंद. बाराचे टोले पडून गेलेले. यास्पर उठून उभा राहिला आणि ओरडला, “अहो! पूल उघडा! मी कंपनीचा डायरेक्टर आहे!”

पुलाच्या खोलीची खिडकी उघडली. “आणि मी जेवतोय,” आतून उत्तर आलं, आणि खिडकी बंद झाली.

दाइवा मागे वळली. तिनं यास्परला विचारलं, “हा रोज जेवतो?”

“बहुतेक,” यास्पर म्हणाला.

“मग हे मला कुणी का सांगितलं नाही?” ती म्हणाली, आणि जी हसायला लागली, ती डाउत्सनलाही हसवून थांबली. (डाउत्सन हसली! कपाळावरची आठी तशीच होती, पण हसली.) यास्परचा चेहरा मात्र आपल्या बोटीवरच्या तांबड्या झेंड्यासारखा झाला होता. “रोडरिकनं वेगाबद्दल विचारलं तेव्हा मला वाटलं, तो काम किती लवकर हवंय ते विचारतोय,” तो हळूच म्हणाला. पुलावरच्यानं जेवण उरकलं, पूल उचलला आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट आमच्यापुढे सोडला. त्यात पुलाच्या टोलाचं नाणं टाकायला यास्परकडे सुटं नव्हतं. दाइवानं टाकलं.

परत येऊन त्या दोघी एका टेबलाशी बसल्या. एक विचारायची, दुसरी तोंडानं उत्तर द्यायची. मधे कुणी नाही. पुढच्या शनिवारी बोटी धक्क्यावर अशा हजर होत्या की गिऱ्हाइकांनाच उशीर झाला. इम्क्येबाईंना पत्रं येणं थांबलं (त्या थोड्या खट्टू आहेत).

मग बक्षीस कुणाला काय मिळालं, ते ऐका. दाइवानं ग्राहकाशी थेट बोलून करार मोडला म्हणून तिला कामावरून काढलं. डाउत्सननं तिला उत्तरं दिली म्हणून तिलाही. आणि उत्रेख्तच्या कंपनीचा करार आणखी दोन वर्षं वाढवायचा प्रस्ताव जूनमध्ये भागधारकांच्या सभेपुढे येतोय, कारण, यास्परचेच शब्द, “आता त्यांना आपला विषय कळलाय.” कळला ज्यांना त्या दोघी घरी बसल्या आहेत, आत्या! मी यास्परला हे सांगितलं. तो म्हणाला, “तुझं खरं आहे, पण करार हा करार असतो.” वाईट माणूस नाही हो तो. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

तर ही हकिगत. काम परक्याच्या हाती द्यायचं, आणि मग परक्याच्याही परक्याच्या हाती, याचं फळ तुमच्यापुढे मांडलं. स्वतःचं काम स्वतः करावं, आपल्या माणसांनी करावं, आपल्या छपराखाली करावं, असं आतोबा म्हणत, आणि मीही मरेपर्यंत हेच म्हणेन. मला स्वतःला काही नको. तुम्हाला खरं काय ते कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं. गुडघ्याला जपा. कुत्र्याला थोपटा. मुरंब्याची बरणी रिकामी झाली आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हिल्के

ता. क. सभेत सर्वांत जास्त मतं तुमची आहेत, हे मी पत्र लिहून झाल्यावर आठवलं. उत्रेख्तचा प्रस्ताव आला की तुम्ही नको म्हणा, आणि त्याखाली दुसरा एक छोटासा प्रस्ताव असेल त्याला हो म्हणा. डाउत्सन, दाइवा आणि मी मिळून एक कंपनी काढली आहे. आपल्या बोटींचं सगळं सॉफ्टवेअर आमच्याकडे बाहेर द्यावं, अशी विनंती आहे. काम बाहेर देणं मुळातच वाईट, असं वर कुठे लिहिलं गेलं असेल तर ते रागाच्या भरात. वाईट ते चुकीच्या माणसांना देणं. माझा राजीनामा लिहून तयार आहे, फक्त तुमचा होकार आल्यावर देईन.

ता. क. २. दाइवाला व्हिल्नियस सोडायचं नाही, डाउत्सनला आठवड्यातले तीनच दिवस काम करायचंय, आणि शुक्रवारी मी स्वतःच्या बोटीवर असतो. त्यामुळे बरंचसं काम बल्गेरियातल्या काही मंडळींना देतोय. अजून भेटलो नाही, पण पडद्यावर माणसं फार चांगली दिसली.

ता. क. ३. तुम्हाला काही शंका असतील तर कृपा करून मला थेट फोन करू नका. आम्ही सगळे गडबडीत असू. त्यासाठी एक तरुण मुलगा नेमला आहे, त्याच्याकडे लिहून पाठवा. तो त्या सोप्या करून माझ्यापर्यंत पोचवील.